नळीचा जोर आणि पात्राचें तोंड

यंत्रयुगाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा मोठमोठ्या यंत्रांचीं नांवें घेतों आणि तीं शोधून काढणाऱ्या पुरुषांचा गौरव करतों. पण या इतिहासांत असेहि कांहीं आंकडे आहेत कीं, ते कोणत्याहि स्मारकावर कोरलेले नाहींत, शाळेच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख नाहीं, आणि तरीहि हजारों माणसांचे प्राण रोज त्यांच्या भरंवशावर सुरक्षित असतात. अशाच एका आंकड्याची हकीकत आज आपल्यापुढें मांडावयाची आहे. प्रश्न ऐकावयास अगदीं साधा आहे. दाबाखालीं असलेल्या एखाद्या पोलादी पात्राला नळी जोडली, तर त्या नळीनें पात्राच्या तोंडावर किती जोर केलेला चालेल? आणि कितीच्या पुढें चालणार नाहीं, हें कोणी, केव्हां आणि कसें ठरवावें?

श्रोतेहो, हा प्रश्न कारखान्यांतला असला तरी त्याचें मूळ स्वरूप घरांतहि दिसत असे. जुन्या घरांतला पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आठवून पाहा. बंबाचें पोट वर्षानुवर्षें टिके. गळूं लागे ती त्याची तोटी, आणि तीहि नेमकी जेथें पोटाला झाळलेली असे तेथेंच. कारण उघड आहे. पोटाला आंतल्या पाण्याचाच काय तो भार सोसावयाचा. तोटीच्या सांध्याला मात्र पाण्याबरोबर माणसाच्या हाताचाहि जोर सोसावा लागे. कोणी ती करकचून पिळी, कोणी तिला कळशी अडकवी, कोणाचा जातां जातां धक्का लागे. बंबाचें आयुष्य ठरे तें त्याच्या पोटावरून नव्हे, तर बाहेरच्या जगाशीं त्याचा जेथें संबंध येई त्या जागेवरून.

रासायनिक कारखान्यांत, तेलशुद्धीच्या कारखान्यांत किंवा वीजघरांत हाच बंब शेंकडों पटींनीं मोठा होतो. दाब सहन करणाऱ्या अशा पोलादी पात्राला आपण दाबपात्र म्हणूं. द्रव किंवा वाफ आंत घेण्यासाठीं व बाहेर सोडण्यासाठीं त्याच्या अंगाला आंखूड नळकांडीं जोडलेलीं असतात. कारखान्यांत त्यांना नॉझल म्हणतात. आपण त्याला पात्राचें तोंड म्हणूं. या तोंडाला पुढची लांब नळी जोडली कीं दोघांचा संसार सुरू झाला. या संसाराचे नियम माणसाला कसे उमगत गेले, तोच आजचा विषय.

बाष्पयंत्राच्या पहिल्या शतकांत सगळें लक्ष आंतल्या दाबाकडे होतें, आणि तें साहजिकच होतें. बाष्पक फुटत होते आणि माणसें मरत होतीं. कलकत्त्यास १८६३ सालीं एक बाष्पक फुटून अनेक माणसें दगावलीं, आणि १८६४ सालीं बंगालमध्यें बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. हिंदुस्थानांत या विषयावरील कायद्यांचा हा आरंभ होय. पुढें इतर प्रांतांनींहि आपापले कायदे केले, आणि १९२३ सालीं सबंध देशासाठीं एकच कायदा झाला. त्यानें बाष्पकांबरोबर वाफेच्या नळ्याहि सरकारी देखरेखीखालीं आणल्या. हा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. २०२५ सालीं नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली.

अमेरिकेंतहि लोकांचे डोळे उघडले ते एका अपघातानेंच. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रॉक्टन गांवीं जोडे करण्याचा एक मोठा कारखाना होता. २० मार्च १९०५ रोजीं तेथला बाष्पक फुटला, चार मजली लाकडी इमारत कोसळली, तिला आग लागली आणि ५८ माणसें प्राणांस मुकलीं. १९०७ सालीं त्या प्रांतानें बाष्पकांच्या बांधणीचे नियम केले, आणि १९१५ सालीं अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनीअर्स या संस्थेनें आपली प्रसिद्ध नियमावली स्वीकारली. पुढें १९२५ सालीं तींत दाबपात्रांचाहि स्वतंत्र भाग आला. पत्रा किती जाड असावा, सांधा कसा असावा, सुरक्षेची झडप किती दाबाला उघडावी, हें सारें तेथें हिशोबानें बांधून दिलें.

अशा नियमांत पात्राला पाडलेल्या भोंकाचाहि विचार होऊं लागला. भोंक पाडलें म्हणजे तेथला धातु गेला, आणि तो जो ताण सोशीत होता तो आतां शेजारच्या धातूवर पडला. म्हणून न्याय असा ठरला कीं, भोंकामुळें धातूचें जितकें क्षेत्र गेलें तितकें भोंकाच्या आसपास, जाड कडें लावून किंवा तोंडाची भिंत जाड करून, भरून द्यावें. एकत्र कुटुंबांतला एक कर्ता भाऊ गेला तर त्याच्या वांट्याचें काम उरलेल्या भावांनीं उचलावें, तसाच हा न्याय आहे. नियम सोपा, हिशोब सोपा, आणि तो आजतागायत उपयोगी पडत आला आहे. पण हा हिशोब आंतल्या दाबापुरताच होता. बाहेरून जोडलेली नळी त्या तोंडाला किती ओढील, किती ढकलील, किती पिळील, याविषयीं तो कांहींच सांगत नव्हता.

आतां नळीचा स्वभाव पाहूं. पोलाद तापलें कीं वाढतें. दहा मीटर लांबीची नळी ३० अंशांवरून ३३० अंशांपर्यंत तापविली, तर ती सुमारें ३६ मिलिमीटरांनीं लांब होते. चार बोटांहून कमी अशी ही वाढ. तिचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. पण दोन्ही टोकें पक्कीं धरून नळीला केसभरहि वाढूं दिलें नाहीं, तर तिच्या अंगांत दर चौरस सेंटिमीटरला सात हजार किलोग्रॅमांच्या घरांत ताण उत्पन्न व्हावा, असा हिशोब निघतो. साधें पोलाद तर अडीच हजारांच्या आसपासच नमतें. अर्थात् नळी तरी वांकते, किंवा ज्याला ती जोडली आहे त्याला तरी वांकविते. कारखान्यांत नळ्या सरळ न नेतां ठिकठिकाणीं वळसे देऊन नेलेल्या दिसतात, त्याचें एक मोठें कारण हेंच. पाहणाराला तो निष्कारण खर्च वाटतो. वस्तुतः तो वळसा म्हणजे तापलेल्या नळीला अंग हलविण्यासाठीं ठेवलेली जागा असते.

नळीचा हा जोर एकाच दिशेचा नसतो. ती पात्राच्या तोंडाला आंत-बाहेर ढकलते, वर-खालीं ओढते, डावी-उजवीकडे रेटते. आणि याच तीन दिशांभोंवतीं तिला तीन तऱ्हांनीं वांकविते व पिळते. असे हे सहा जोर. त्यांत नळीचें स्वतःचें वजन, तिच्यांतील द्रवाचें वजन आणि वाऱ्याचा किंवा भूकंपाचा हेलकावा मिळवावयाचा. दाबपात्राची भिंत आंतून सगळीकडे सारखा येणारा दाब मोठ्या हिमतीनें सोसते. पण एकाच ठिकाणीं येणारा जोर तिला सोसवत नाहीं. पत्र्याचा डबा आंतून फुंकून कोणाला फुगवितां येत नाहीं, पण तोच डबा अंगठ्यानें दाबला तर लगेच चेपतो. पात्राच्या तोंडापाशीं नळीचा जोर हें त्या अंगठ्याचेंच काम करीत असतो.

येथें आणखी एक अडचण आहे, आणि ती धातूची नसून माणसांची आहे. पात्र आंखणारा इंजिनियर वेगळा आणि नळ्यांचा मार्ग आंखणारा वेगळा. पुष्कळदां त्यांच्या कंपन्या वेगळ्या, गांवें वेगळीं, क्वचित् देशहि वेगळे. शिवाय मोठें पात्र घडवावयास कित्येक महिने लागत असल्यामुळें त्याची मागणी आधींच नोंदवावी लागते. नळ्या नेमक्या कोठून कोठें जाणार हें त्या वेळीं ठरलेलें नसतें. पात्र करणारा विचारतो, 'तुमची नळी माझ्या तोंडावर किती जोर करणार?' नळीवाला उत्तर देतो, 'तें अजून मलाच ठाऊक नाहीं. तुमचें तोंड किती सोशील तें तुम्ही सांगा.' दोघेहि एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसले तर कारखाना उभाच राहावयाचा नाहीं.

यावर तोड एकच. आपल्याकडे लग्नाआधीं दोन्ही पक्षांचीं वडील माणसें बसून याद करीत. कोणी काय करावयाचें आणि कोणावर किती बोजा, हें कागदावर येई आणि मग मांडव पडे. पात्राच्या तोंडावरील अनुज्ञेय भार ही तशीच याद होय. तोंडाच्या मापाप्रमाणें आणि दाबाच्या वर्गाप्रमाणें सहाहि जोरांच्या मर्यादा एका कोष्टकांत मांडतात. पात्र करणारानें ते सारे जोर एकाच वेळीं आले तरी सोसतील असें तोंड घडवावें, आणि नळी आंखणारानें त्या मर्यादेच्या आंत राहावें, असा हा करार असतो. आंकडा उणा धरला तर नळीला वळशावर वळसे द्यावे लागतात; पोलाद वाढतें, जागा वाढते, खर्च वाढतो. आंकडा अधिक धरला तर पात्राची भिंत आणि तोंडाचें कडें विनाकारण जाड होतें. पण उण्या किंवा अधिक आंकड्याहून कितीतरी महाग पडतो तो मुळींच न ठरविलेला आंकडा.

अशी याद लिहावयाची तर तिला शास्त्राचा आधार हवा. तो विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन बाजूंनीं मिळाला. एक बाजू नळीची. अमेरिकेंत दाबाच्या नळ्यांची पहिली नियमावली १९३५ सालीं प्रसिद्ध झाली होती. पण तापून-निवून नळी किती दिवस टिकेल, हें सांगणारें ज्ञान तेव्हां तोकडें होतें. केंटकी प्रांतांतील लुइव्हिल येथें ट्यूब टर्न्स नांवाच्या कंपनींत मार्कल या इंजिनियरानें नळ्यांचे वांक आणि सांधे यंत्रावर धरून, त्यांना चीर पडून गळती लागेपर्यंत, शेंकडों हजारों वेळां इकडून तिकडे वांकवून पाहिले. त्याचे निष्कर्ष १९५२ सालीं प्रसिद्ध झाले आणि १९५५ च्या सुधारलेल्या नियमावलींत त्यांना स्थान मिळालें. उष्णतेचा ताण नळीला एका फटक्यांत तोडीत नाहीं. तो तिला रोज थोडथोडा झिजवितो, हें त्यांतून निश्चित झालें.

दुसरी बाजू पात्राची. ती उलगडली कॉर्नेल विद्यापीठांत काम करणाऱ्या बायलार्ड या डच पंडितानें. पात्राच्या गोल भिंतीवर एका लहानशा जागीं जोर आला तर सभोंवतालच्या भिंतींत ताण कसा पसरतो, हा अत्यंत किचकट गणिताचा प्रश्न त्यानें १९५४ पासून लिहिलेल्या निबंधांतून सोडविला. पण गणित सुटलें म्हणजे तें कारखान्यांत वापरतां येतेंच असें नाहीं. म्हणून विचमन, हॉपर आणि मर्शन या तिघांनीं त्या गणिताचे आलेख तयार केले, आणि अमेरिकेच्या वेल्डिंग रिसर्च कौन्सिलनें ते ऑगस्ट १९६५ मध्यें एकशें सातवी पत्रिका म्हणून प्रसिद्ध केले. पात्राचा व्यास, भिंतीची जाडी आणि तोंडाचें माप घ्यावें, आलेखांवरून गुणांक वाचावेत, आणि तोंडाभोंवतालच्या चार जागीं, आंतून व बाहेरून मिळून आठ ठिकाणीं, ताणाची बेरीज मांडावी. सामान्य इंजिनियराला कागद-पेन्सिल आणि गणनपट्टी यांच्या बळावर या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागलें. या आलेखांना मर्यादाहि होत्या. त्यांत पात्राला भोंक नाहींच, तेथें एक भरीव ठोकळा जोडला आहे, असें गृहीत धरलें होतें. तोंडाच्या भिंतीचाहि विचार घेणारी दुसरी पत्रिका १९८४ सालीं निघाली.

या अभ्यासांतून जोरांचे दोन प्रकार स्पष्टपणें वेगळे झाले, आणि पुढची हकीकत समजण्यास हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. उष्णतेनें येणारा जोर हट्टी असला तरी समजूतदार असतो. नळी किंवा भिंत थोडी नमली कीं तो ओसरतो, कारण त्याला दीड इंचच जागा हवी होती आणि ती मिळाली. वजनाचा किंवा आंतल्या दाबाचा जोर मात्र तसा नव्हे. धातु नमला म्हणून वजन हलकें होत नाहीं, कीं दाब मागें घेत नाहीं. तो शेवटपर्यंत रेटीतच राहतो. म्हणून पहिल्या प्रकाराला नियमांत कांहीं सवलत असते. दुसऱ्याला ती नसते.

नळीचा जोर तोंडावर येऊं नये म्हणून इंजिनियरांनीं एक युक्ति काढलेली आहे. बाजाच्या पेटीला जसा घड्यांचा भाता असतो, तसा पातळ पत्र्याचा घडीदार भाता ते नळीच्या मार्गांत बसवितात. नळी वाढली तर भाता दबतो, आंखडली तर उलगडतो, आणि पात्राचें तोंड निवांत राहतें. पण या युक्तीच्या पोटीं दुसरें संकट असतें. साध्या नळींत आंतल्या दाबानें टोकांवर पडणारा रेटा नळीच्या भिंतीच पेलीत असतात. भाता ओढ पेलूं शकत नाहीं. त्याच्या जागीं भिंत जणूं तुटलेलीच असते. मग दाबाचा तो सगळा रेटा भात्याच्या दोन्ही बाजूंस जें कांहीं असेल त्यावर पडतो. तेथें अचल आधार तरी हवा, किंवा भात्यावरून दणकट गज तरी बांधलेले हवेत. समजूतदार जोर टाळण्यासाठीं घेतलेला भाता अशा रीतीनें बेगुमान जोराला वाट करून देतो.

श्रोतेहो, ही गोष्ट न ओळखल्यामुळें काय घडतें, तें १९७४ सालीं इंग्लंडांत दिसून आलें. ट्रेंट नदीच्या कांठीं, स्कन्थॉर्प शहराजवळ, फ्लिक्सबरो नांवाचें खेडें आहे. तेथें नायप्रो कंपनीचा, नायलॉनसाठीं लागणारें कॅप्रोलॅक्टम तयार करण्याचा, कारखाना होता. सायक्लोहेक्झेन नांवाचा, पेट्रोलसारखा भडकणारा द्रव तेथें सहा मोठ्या पात्रांतून एकापाठोपाठ एक वाहत असे. उष्णता १५५ अंश, दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ८.८ किलोग्रॅम. साध्या हवेंत हा द्रव ८१ अंशांनाच उकळतो. म्हणजे पात्राबाहेर पडतांच त्याचा मोठा भाग वाफ होऊन पसरणार, हें ठरलेलेंच. द्रव आपोआप वाहावा म्हणून प्रत्येक पात्र आधीच्याहून १४ इंच खालीं बसविलें होतें, आणि दोन पात्रांचीं २८ इंची तोंडें मध्यें भाता घालून जोडलेलीं होतीं. मूळच्या रचनेंत हीं तोंडें अगदीं समोरासमोर व जवळजवळ होतीं. भात्याचा रेटा दोन्हीकडच्या अवजड पात्रांवर जाई आणि तीं तो पेलीत.

त्या वर्षींच्या मार्च महिन्याच्या २७ तारखेस पांचव्या पात्राला लांब चीर पडलेली आढळली. पात्र काढून घ्यावें, चौथें आणि सहावें पात्र तात्पुरत्या नळीनें जोडावें आणि काम सुरू करावें, असें ठरलें. २८ इंची नळी हाताशीं नव्हती. होती ती २० इंची. चौथ्याचें तोंड वर, सहाव्याचें १४ इंच खालीं. म्हणून नळीला दोन वांक द्यावे लागले. तिचें चित्र म्हणाल तर कर्मशाळेच्या जमिनीवर खडूनें काढलेलें तेवढेंच. जुने भाते दोन्ही टोकांना तसेच राहिले, आणि मध्यें ही वांकडी नळी लोखंडी पहाडावर टेकविली. एवढ्या नळींतून द्रव पुरेसा वाहील कां, आणि सरळ नळी म्हणून ती दाब सोशील कां, हे दोन हिशोब झाले. दोन्हींचीं उत्तरें बरोबर आलीं. भात्यांवर व नळीवर कोणता जोर येईल, हा तिसरा हिशोब कोणी केला नाहीं.

तो हिशोब अवघड होता असें नव्हे. शाळेंतला मुलगाहि तो करूं शकेल. २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. त्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ३,९७० चौरस सेंटिमीटर. त्यास ८.८ नीं गुणिलें कीं जवळजवळ ३५ हजार किलोग्रॅम, म्हणजे ३५ टन येतात. एवढा रेटा नळीच्या प्रत्येक टोकावर होता. दोन्ही रेटे एकमेकांविरुद्ध, पण एका रेषेंत नव्हेत. त्यांच्यांत १४ इंचांचें अंतर. म्हणजे ते एकमेकांना तोलून न धरतां नळीला फिरवूं पाहत होते. ३५ टन आणि साधारण ३५ सेंटिमीटर यांचा गुणाकार केला तर एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला बारा टन वजन टांगल्यासारखें तें पिळणें होतें. हें पिळणें अडविण्यास पहाडाच्या टेकूखेरीज कांहीं नव्हतें. आणि दाबाचा हा जोर, आपण मघां पाहिल्याप्रमाणें, नमल्यानें ओसरणारा नव्हता. एका सरळ रेषेंत नसलेले दोन भाते पुरेशा आधाराशिवाय एकाच नळींत बसवूं नयेत, असें भाते करणाराच्या मार्गदर्शिकेंत लिहिलेलेंहि होतें. ती कोणी उघडली नाहीं. कारखान्याच्या मुख्य इंजिनियराची जागा त्या वर्षाच्या आरंभापासून रिकामी होती. हा प्रश्न विचारणें ज्याचें कर्तव्य होतें, तो मनुष्यच तेथें नव्हता.

नळीची परीक्षा घेतली तीहि ९ किलोग्रॅम दाबापर्यंतच. सुरक्षेची झडप ११ किलोग्रॅमांना उघडावयाची होती. १ एप्रिलला काम सुरू झालें. दोन महिने नळीनें काम दिलें, आणि जें दोन महिने चालतें तें बरोबरच असणार, असें माणसाला वाटूं लागतें. मेच्या अखेरीस दुसऱ्या एका गळतीसाठीं काम थांबविलें होतें. तें पुन्हां सुरू होत असतां, शनिवार १ जून १९७४ रोजीं दुपारीं पांचच्या सुमारास, दोन्ही भाते फाटले. नळी चाकूच्या पात्यासारखी मिटून खालीं पडली. पात्रांचीं २८ इंची तोंडें उघडीं पडलीं आणि त्यांतून सायक्लोहेक्झेनचा लोट बाहेर आला. त्याचा ढग कारखान्यावर पसरला, त्याला ठिणगी मिळाली, आणि एका स्फोटांत सारा कारखाना उद्ध्वस्त झाला. २८ माणसें मरण पावलीं. त्यांतलीं १८ नियंत्रणगृहांत होतीं, आणि तेथून कोणीहि जिवंत बाहेर आला नाहीं. आसपासच्या गांवांतील सुमारें १,८०० घरांची मोडतोड झाली. शनिवार होता म्हणून आवारांत थोडेच लोक होते. कामाचा दिवस असता तर मृतांची संख्या किती झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

चौकशीसाठीं नेमलेल्या न्यायमंडळाचा अहवाल १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरी एखादी लहान नळी आधीं फुटली असावी, असाहि पक्ष तेथें मांडला गेला होता. पण मंडळानें दोष दिला तो या वांकड्या नळीलाच. अहवालाचा मुख्य बोध असा कीं, चालू कारखान्यांत केलेला कोणताहि बदल मूळ कारखान्याइतक्याच काटेकोरपणें आंखला, बांधला व तपासला गेला पाहिजे. आज जगांतील मोठ्या कारखान्यांत नळीचा एक तुकडा बदलावयाचा तरी लेखी प्रस्ताव, हिशोब आणि जाणत्या माणसाची सही लागते. ही शिस्त कोणाला जाचक वाटेल. पण तिच्या मागें फ्लिक्सबरोचीं अठ्ठावीस माणसें आहेत.

त्यानंतर साधनें पुष्कळ वाढलीं. १९६५ चे आलेख २०१० सालीं समीकरणांसह पुन्हां प्रसिद्ध झाले, आणि ज्या हिशोबाला पूर्वीं दिवस लागे तो संगणक क्षणांत करून देतो. पात्राची भिंत हजारों लहान तुकड्यांत कल्पून प्रत्येक तुकड्यांतला ताण तो रंगवून दाखवितो. पण संगणक उत्तर देतो तें विचारलेल्या प्रश्नाचें. फ्लिक्सबरोस उणीव होती ती गणिताची नव्हे; गुणाकाराच्या दोन ओळी पुरेशा होत्या. उणीव होती ती प्रश्नाची. द्रव वाहणें हें एकाचें काम, दाब सोसणें हें दुसऱ्याचें. नळी आणि पात्र यांच्या मधली ती वीतभर जागा मात्र कोणाचीच नव्हती.

अनुज्ञेय भाराच्या कोष्टकाचें खरें महत्त्व येथें आहे. त्यांतला एखादा आंकडा थोडा चुकीचा असेल, थोडा कंजूष किंवा थोडा उदार असेल. तो पुढें सुधारतां येतो. पण आंकडा लिहिला गेला म्हणजे ती मधली जागा कोणाची तरी झाली. पात्र करणारानें सांगितलें कीं मी एवढें सोशीन, नळी आंखणारानें कबूल केलें कीं मी यापुढें जाणार नाहीं, आणि दोघांच्याहि सह्या कागदावर आल्या. ज्या सांध्याला असा धनी मिळाला तो बहुधा टिकतो. ज्याला तो मिळाला नाहीं, तो दोन महिने टिकला तरी भरंवसा धरण्यासारखा नसतो.